बातमीतला लघुग्रह स्वतः तपासायचा कसा? २०२४ वायआर४ ची कक्षा वाचण्याची क्रमवार पद्धत

२०२५ च्या फेब्रुवारीत एक नकाशा मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होता. प्रशांत महासागराच्या पूर्व भागातून निघालेली लाल रेघ दक्षिण अमेरिकेचं उत्तर टोक, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून थेट मुंबईवरून पुढे गेलेली. लघुग्रहाचं नाव २०२४ वायआर४, तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता सांगितली जात होती ती तारीख २२ डिसेंबर २०३२. त्या महिन्यात मला ज्यांनी फोन केले, त्यांतल्या बहुतेकांनी अधिकृत पानं उघडून पाहिली होती. माहिती बरोबर होती, पण वाचण्याचा क्रम चुकला होता. कुणी आधी टक्के पाहिले, कुणी कक्षेचं चित्र पाहून घाबरलं, कुणी अंतर पृष्ठभागापासूनचं समजून बसलं.

पुढचा लघुग्रह बातमीत येईल तेव्हाही याच चुका होतील. म्हणून वायआर४ हेच उदाहरण घेऊन सगळे टप्पे क्रमानं देतो आहे. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

## तयारी

शक्यतो संगणकावर बसा. मोबाइलच्या पडद्यावर तक्त्याचे उजवीकडचे रकाने दिसत नाहीत आणि अनिश्चिततेचे आकडे नेमके तिथेच असतात. वर्गमूळ आणि कोसाइन काढता येईल असा कॅल्क्युलेटर, एक वही आणि पाऊण तास हाताशी असू द्या.

तीन पानं उघडून ठेवा. अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचं, म्हणजे जेपीएलचं, ‘स्मॉल-बॉडी डेटाबेस लुकअप’. त्याच संस्थेच्या, पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा अभ्यास करणाऱ्या सीनिऑस केंद्राचं ‘क्लोज अ‍ॅप्रोचेस’. आणि त्याच केंद्राचं ‘सेंट्री’, जिथे धडकेच्या शक्यता मांडलेल्या असतात. युरोपीय अवकाश संस्थेची धोक्याची यादीही उघडून ठेवली तर पडताळणीला बरी पडते. दोन्हीकडचं गणित स्वतंत्र चालतं, त्यामुळे आकडे जुळले की भरवसा वाढतो.

वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहा:

- १ खगोलीय एकक (पृथ्वी आणि सूर्य यांमधलं सरासरी अंतर) = १४,९५,९७,८७१ किमी
- चंद्राचं सरासरी अंतर = ३,८४,४०० किमी
- पृथ्वीची सरासरी त्रिज्या = ६,३७१ किमी
- भारतीय वेळ = जागतिक वेळ + ५ तास ३० मिनिटं

त्याखाली आजची तारीख टाका. ही नुसती शिस्त नाही, दुसऱ्या टप्प्यात तिची गरज पडणार आहे.

## टप्पा १: नाव उलगडा

तात्पुरत्या नावात शोधाची वेळ दडलेली असते. ‘२०२४’ हे वर्ष. पुढचं पहिलं अक्षर महिन्याचा पंधरवडा सांगतं. ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे १६ ते ३१ जानेवारी, असं करत वाय म्हणजे १६ ते ३१ डिसेंबर. आय हे अक्षर वापरत नाहीत.

दुसरं अक्षर आणि शेवटचा आकडा मिळून त्या पंधरवड्यातला क्रमांक देतात. आय वगळून अक्षरं २५. आर हे सतरावं. आकडा ४ म्हणजे पंचवीसची चार आवर्तनं होऊन गेली. ४ × २५ + १७ = ११७. म्हणजे डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या पंधरवड्यात नोंदलेला हा ११७ वा लघुग्रह.

पडताळा: चिली देशातल्या रिओ उर्ताडो इथल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ ला सापडला. नावातल्या ‘वाय’शी ही तारीख जुळते.

इथे चुकतं: शोधचौकटीत नाव रोमन लिपीत टाकावं लागतं आणि वर्षानंतर एक मोकळी जागा सोडावी लागते. एखादं अक्षर किंवा आकडा इकडचा तिकडे झाला तर दुसराच लघुग्रह उघडतो आणि पुढचं सगळं गणित व्यवस्थित, पण भलत्याच दगडाचं होतं.

## टप्पा २: कक्षा किती पक्की आहे ते आधी पाहा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

लुकअपच्या पानावर कक्षेच्या तक्त्याशेजारी चार गोष्टी मिळतील: किती निरीक्षणं वापरली, पहिलं आणि शेवटचं निरीक्षण कधीचं, त्यांच्यामधला काळ (‘डेटा-आर्क स्पॅन’), आणि ‘कंडिशन कोड’. हा कोड ० ते ९ असतो. ० म्हणजे कक्षा अगदी पक्की, ९ म्हणजे अगदी कच्ची. तिथेच ‘सोल्यूशन डेट’ असते, म्हणजे हे गणित कोणत्या दिवशी केलं ती तारीख. या सगळ्या गोष्टी वहीत, आजच्या तारखेखाली उतरवा.

निरीक्षणांचा काळ एवढा महत्त्वाचा का? रात्रीच्या रस्त्यावर लांबून येणारी गाडी डोळ्यांसमोर दोन सेकंद दिसली, तर ती पुढच्या चौकात कुठे असेल हे ठामपणे सांगता येत नाही. दोन मिनिटं दिसली तर सांगता येतं. लघुग्रहाचं तसंच आहे. आठवड्याभराच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढली तर उत्तर लाखो किलोमीटरनं इकडेतिकडे होऊ शकतं.

सूचना: निरीक्षणांचा काळ काही दिवसांचाच असेल आणि कोड ६-७ च्या वर असेल, तर पुढचे टप्पे सरावासाठी करा. त्यांवरून कुणाला काही सांगू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा पान उघडा.

इथे चुकतं: महिन्यापूर्वीच्या बातमीतला आकडा आजच्या पानावरच्या आकड्याशी ताडून ‘माहिती लपवली’ असा निष्कर्ष काढणं. दोन्ही आकडे आपापल्या दिवशी बरोबर असतात. तारीख न लिहिलेला आकडा मात्र निरुपयोगी.

## टप्पा ३: तीन आकड्यांवरून कक्षेचा आकार काढा

कक्षेचे सहा घटक दिलेले असतात. आधी तीनच घ्या. वायआर४ साठी ते असे आहेत:

- अर्धदीर्घ अक्ष (ए), म्हणजे लंबगोल कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग = २.५१६ खगोलीय एकक
- उत्केंद्रता (ई), म्हणजे कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट आहे ते = ०.६६१६
- कल (आय), म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी असलेला तिरपेपणा = ३.४१ अंश

आता कॅल्क्युलेटर घ्या.

सूर्याच्या सर्वांत जवळचं अंतर = ए × (१ − ई) = २.५१६ × ०.३३८४ = ०.८५१

सर्वांत लांबचं अंतर = ए × (१ + ई) = २.५१६ × १.६६१६ = ४.१८१

एका फेरीला लागणारी वर्षं = ए × √ए = २.५१६ × १.५८६२ = ३.९९

एवढ्यानं चित्र उभं राहतं. हा लघुग्रह शुक्राच्या कक्षेपर्यंत पोचत नाही (शुक्र ०.७२ वर आहे), पृथ्वी आणि मंगळाच्या कक्षा ओलांडतो, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या पलीकडे गुरूच्या दिशेनं जातो आणि परत फिरतो. ए १ पेक्षा मोठा आणि जवळचं अंतर १.०१७ पेक्षा कमी, म्हणून हा ‘अपोलो’ गटातला. ए १ पेक्षा लहान असता आणि लांबचं अंतर ०.९८३ पेक्षा जास्त असतं, तर तो ‘एटन’ गटात गेला असता.

फेरीच्या आकड्यावर क्षणभर थांबा. ३.९९, म्हणजे जवळपास चार वर्षं. पृथ्वी चार फेऱ्या करते तोवर याची एक होते. म्हणून तो दर चार वर्षांनी, डिसेंबरातच, आपल्या आसपास येतो: २०२४, २०२८, २०३२. बातमीतलं २०३२ हे साल कुठून आलं ते इथे कळतं. २०३० किंवा २०३१ मध्ये धोका आहे असं कुणी सांगत असेल तर त्यानं हा एक गुणाकार केलेला नाही.

इथे चुकतं: उत्केंद्रता टक्क्यांसारखी वाचणं, किंवा ए हेच सूर्यापासूनचं अंतर समजणं. वायआर४ चा ए मुख्य पट्ट्यात पडतो. तेवढ्यावरून तो ‘पट्ट्यातला लघुग्रह’ ठरत नाही. जवळचं अंतर १.३ पेक्षा कमी असलं की तो पृथ्वीसमीप.

## टप्पा ४: भेट कुठे आणि वर्षाच्या कोणत्या दिवसात होऊ शकते

उरलेल्या घटकांपैकी दोन आता लागतील: आरोही पाताचा रेखांश २७१.३७ अंश आणि उपसूर्यबिंदूचा, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूचा, कोनांक १३४.३६ अंश.

पात आपल्याला नवे नाहीत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. लघुग्रहालाही असे दोन पात असतात. वर चढतानाचा आरोही, खाली उतरतानाचा अवरोही. पातळी सोडून वर किंवा खाली असताना लघुग्रह पृथ्वीच्या कक्षेला छेदू शकत नाही. कक्षा तिरपी असली तर भेट होते ती पातांच्या आसपासच.

प्रत्येक पात सूर्यापासून किती लांब आहे ते काढू.

आधी ए × (१ − ई²) = २.५१६ × ०.५६२३ = १.४१५

ई × कोसाइन १३४.३६ = ०.६६१६ × (−०.६९९२) = −०.४६२६

आरोही पात = १.४१५ ÷ (१ − ०.४६२६) = २.६३

अवरोही पात = १.४१५ ÷ (१ + ०.४६२६) = ०.९६७

आरोही पात मुख्य पट्ट्यात पडला, त्याची आपल्याला चिंता नाही. अवरोही पात मात्र ०.९६७ वर आहे आणि डिसेंबरअखेर पृथ्वी सूर्यापासून ०.९८४ वर असते. म्हणजे हाच आपला पात.

तो कोणत्या दिशेला आहे? २७१.३७ − १८० = ९१.३७ अंश. सूर्यावरून पाहिलं तर सायन मकर संक्रमणाच्या दिवशी, २१-२२ डिसेंबरला, पृथ्वी ९० अंशांवर असते आणि रोज साधारण एक अंश पुढे सरकते. म्हणजे ती या पातापाशी पोचते २२-२३ डिसेंबरला. कल अवघा ३.४ अंश असल्यामुळे पाताच्या अलीकडे-पलीकडे काही दिवस हा लघुग्रह पृथ्वीच्या पातळीच्या जवळच राहतो. म्हणून २५ डिसेंबर २०२४ ची आणि १७ डिसेंबर २०२८ ची भेट, आणि २२ डिसेंबर २०३२ ची गाजलेली तारीख, तिन्ही एकाच आठवड्याच्या परिसरात येतात. हे गणित मी पहिल्यांदा हातानं केलं तेव्हा तारीख जुळलेली पाहून ते परत करून पाहिलं. तुम्हीही करून पाहा. बातमीतली तारीख आपल्या वहीत उगवते तेव्हा तो लघुग्रह खरोखर ओळखीचा होतो.

पडताळा: उत्तर विचित्र आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का ते पाहा. कोसाइन १३४.३६ अंश ऋण यायला हवा.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांवरून निघते. वायआर४ ने उपसूर्यबिंदू २२ नोव्हेंबर २०२४ ला ओलांडला. म्हणजे डिसेंबरात तो सूर्याकडून बाहेर निघाला होता आणि आपल्याकडे आला तो दिवसाच्या आकाशातून. म्हणून तो सापडला पृथ्वीजवळून गेल्यानंतर दोन दिवसांनी. ‘एवढ्या दुर्बिणी असून आधी कसा दिसला नाही’ या प्रश्नाचं उत्तर कक्षेतच आहे.

### कक्षेचं चित्र आणि ‘एमओआयडी’

लुकअपच्या पानावर कक्षेचं हलतं चित्र असतं. वरून पाहिलं की दोन कक्षा एकमेकींना कापताना दिसतात. घाबरू नका. चित्र माउसनं आडवं फिरवा, कडेनं पाहा आणि मगच मत बनवा.

‘अर्थ एमओआयडी’ हा आकडा दोन कक्षांमधलं कमीत कमी अंतर सांगतो. वायआर४ साठी तो सुमारे ०.००३ खगोलीय एकक होता, म्हणजे साडेचार लाख किलोमीटरच्या आतबाहेर. इथे दोन उलटसुलट चुका होतात.

पहिली चूक म्हणजे हा आकडा म्हणजे लघुग्रह इतक्या जवळ येणार, असं समजणं. हे दोन रुळांमधलं अंतर आहे, गाड्यांमधलं नाही. पृथ्वी त्या जागी असताना लघुग्रहही तिथे असायला हवा. २०२४ मध्ये तो प्रत्यक्षात ०.००५५ वरून गेला.

दुसरी चूक उलटी: साडेचार लाख किमी म्हणजे धडक अशक्य, असं म्हणून निश्चिंत होणं. हा आकडा आजच्या कक्षेचा आहे. वायआर४ ४.१८ पर्यंत जातो, तिकडे गुरू त्याला थोडं ओढतो आणि कक्षा किंचित सरकते. आठ वर्षांनंतरचा प्रश्न आजच्या एमओआयडीवर सुटत नाही.

## टप्पा ५: जवळून जाण्याचा तक्ता नीट वाचा

‘क्लोज अ‍ॅप्रोचेस’चं पान उघडलं की सुरुवातीला फक्त येत्या ६० दिवसांतल्या भेटी दिसतात. तुमचा लघुग्रह दिसला नाही म्हणजे तो यादीतून काढला असं नाही. वरच्या निवडीत काळ बदला, किंवा लुकअपच्या पानावर त्याच लघुग्रहाचा स्वतःचा तक्ता आहे तो घ्या.

लुकअपच्या या तक्त्यात अंतर तीनदा येतं: ‘नॉमिनल’, ‘मिनिमम’, ‘मॅक्सिमम’. नॉमिनल हा सध्याचा सर्वोत्तम अंदाज. उरलेले दोन अनिश्चिततेच्या दोन कडा. तिन्ही वहीत लिहा. तिन्ही जवळजवळ सारखे असतील तर भेट पक्की समजली आहे. मिनिमम आणि मॅक्सिममात दहापटीचा फरक असेल तर नॉमिनल आकड्याला फार किंमत देऊ नका. बातम्या मात्र फक्त नॉमिनलच छापतात.

मग एककं बदला. वायआर४ ची २०२४ ची भेट: ०.००५५४ × १४,९५,९७,८७१ = सुमारे ८,२९,००० किमी. भागिले ३,८४,४०० केलं की चंद्राच्या २.१६ पट. २०२८ मध्ये तो साधारण ८० लाख किमीवरून जाईल.

सूचना: तक्त्यातलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं असतं. अ‍ॅपोफिस या दुसऱ्या एका लघुग्रहाच्या २०२९ च्या भेटीबद्दल कुठे ३८,००० किमी छापतात, कुठे ३२,०००. दोन्ही बरोबर. पहिलं पृथ्वीच्या केंद्रापासून, दुसरं पृष्ठभागापासून. मधला फरक तुमच्या वहीतले ६,३७१. पण गोंधळ इथेच होतो. दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रह पृष्ठभागापासून ३५,७८६ किमीवर असतात. ३८,००० शी तुलना केली तर अ‍ॅपोफिस त्यांच्या बाहेरून जाणार असं वाटतं. प्रत्यक्षात तो त्यांच्यापेक्षा आतून जाईल. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणापासून मोजा.

## टप्पा ६: वेळ आणि तारीख

तक्त्यातली वेळ भारतीय नसते. तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि तारीख बदलते का ते पाहा. अ‍ॅपोफिस १३ एप्रिल २०२९ ला जागतिक वेळेनुसार २१:४६ वाजता सर्वांत जवळ असेल. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची पहाट, ३ वाजून १६ मिनिटं झालेली असतील. मराठी बातम्यांत मात्र सगळीकडे १३ एप्रिलच येते.

जेपीएलच्या तक्त्यातली वेळ गतिकीय वेळ असते आणि ती जागतिक वेळेच्या सुमारे ६९ सेकंद पुढे आहे. आपल्या कामाला त्यानं फरक पडत नाही, फक्त मिनिटाचा मेळ बसला नाही तर कारण हे. वेळेलाही अनिश्चितता असते, तिचा रकाना वेगळा आहे.

## टप्पा ७: आकार ‘मोजलेला’ की ‘अंदाजलेला’?

नव्या लघुग्रहाचा आकार कुणी मोजलेला नसतो. त्याची निरपेक्ष प्रत, ‘एच’, माहीत असते, म्हणजे तो किती उजळ आहे एवढंच. एच जितका मोठा, तितका दगड मंद. त्यावरून व्यास काढायचा तर पृष्ठभाग किती प्रकाश परत टाकतो ते गृहीत धरावं लागतं.

सूत्र: व्यास (किमी) = १३२९ ÷ √परावर्तन × १०^(−एच/५)

वायआर४ चा एच साधारण २४. घातांक −४.८ आला, म्हणजे १३२९ × ०.००००१५८५ = ०.०२१०६. किलोमीटरचे मीटर केले की २१.०६.

- पृष्ठभाग उजळ, परावर्तन ०.२५: २१.०६ ÷ ०.५ = ४२ मीटर
- पृष्ठभाग काळसर, परावर्तन ०.०५: २१.०६ ÷ ०.२२३६ = ९४ मीटर

सुरुवातीच्या बातम्यांतला ‘४० ते ९० मीटर’ हा आकडा इथूनच आला. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं त्याची उष्णता पाहिली आणि व्यास सुमारे ६० मीटर ठरला, मागेपुढे ७ मीटर. एका टोकाचा ९० मीटरचा दगड शीर्षकात टाकला की वस्तुमान भलतंच वाढतं, कारण ते व्यासाच्या घनाच्या प्रमाणात चढतं. ९० आणि ६० यांत दीडपट फरक दिसतो, वस्तुमानात तो जवळपास साडेतीनपट होतो.

इथे चुकतं: प्रत्येक जवळच्या लघुग्रहाला ‘संभाव्य धोकादायक’ म्हणणं. हा शब्द नियमानं बांधलेला आहे: एमओआयडी ०.०५ किंवा कमी आणि एच २२ किंवा कमी. वायआर४ चा एच २४, म्हणजे तो लहान. म्हणून जगभर गाजूनही तो त्या व्याख्येत बसत नाही.

## टप्पा ८: आता टक्के पाहा

आता ‘सेंट्री’ उघडा. एका लघुग्रहापुढे अनेक तारखा असू शकतात. प्रत्येक तारखेची शक्यता वेगळी असते आणि वर दिसणारी एकूण शक्यता ही त्यांची बेरीज असते. कोणत्या तारखेची किती, ते वेगळं लिहा. धोक्याची पातळी सांगणारं टोरिनो मापन ० ते १०. वायआर४ ३ पर्यंत गेला. अ‍ॅपोफिस २००४ च्या डिसेंबरात ४ वर गेला होता.

माझ्या वहीत वायआर४ चं पान असं आहे:

२७ जानेवारी २०२५: १ टक्क्याच्या वर, टोरिनो ३
१८ फेब्रुवारी: ३.१ टक्के
२४ फेब्रुवारी: ०.००४ टक्के, टोरिनो ०

तीन आठवडे आकडा वाढत गेला आणि सहा दिवसांत कोसळला. लोकांना वाटलं की आधी चुकलं होतं, नाहीतर नंतर झाकलं. दोन्ही नाही. घरातल्या फरशीवर करून पाहा.

पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, साधारण ३ सेमीचं. ही पृथ्वी. फरशीवर खडूनं ३ मीटरची रेघ मारा. लघुग्रह त्या दिवशी या रेघेवर कुठेतरी असेल, एवढंच माहीत आहे. झाकण रेघेवर, मधोमध नाही, एका टोकाकडे सरकवून ठेवा. झाकणानं व्यापलेला भाग ३०० पैकी ३ सेमी, म्हणजे १ टक्का.

नवी निरीक्षणं आली. रेघ दोन्ही टोकांनी पुसत आणा. ती ९७ सेमी उरली आणि झाकण अजून तिच्यावरच आहे. आता ९७ पैकी ३, म्हणजे ३.१ टक्के. लघुग्रह जवळ आला नाही, आपलं अज्ञान कमी झालं. मग आणखी पुसताना टोक झाकणाच्या पलीकडे सरकलं. झाकण रेघेबाहेर पडलं, शक्यता शून्याकडे. खऱ्या गणितात रेघेवरची प्रत्येक जागा सारख्या शक्यतेची नसते आणि पृथ्वीचं गुरुत्वही जमेला धरतात, पण चढणं आणि कोसळणं याच कारणानं होतं.

मुंबईवरून गेलेली रेघ वाचायची तीही अशीच. ती लघुग्रहाचा मार्ग नव्हती. झाकणाखाली आलेल्या खडूचा तो पृथ्वीवर उमटलेला ठसा होता: धडक झालीच, तर यांपैकी एखाद्या ठिकाणी. बोगोटा, लागोस, मुंबई, ढाका ही शहरं एकाच रेघेवर होती. ३.१ टक्के हे सगळ्या पट्ट्याचे मिळून होते. मुंबईच्या वाट्याला त्याचा अगदी बारीक तुकडा आला असता. ‘मुंबईवर आदळण्याची शक्यता ३ टक्के’ असं ज्यांनी लिहिलं त्यांनी हा भागाकार गाळला.

सूचना: पृथ्वीचे टक्के आणि चंद्राचे टक्के मिसळू नका. पृथ्वीचा आकडा कोसळल्यावर चंद्राचा वाढत राहिला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो ४.३ टक्के होता. हा त्या महिन्याचा आकडा आहे. आज हवा असेल तर आजची ‘सोल्यूशन डेट’ पाहून घ्या.

## टप्पा ९: आपल्या गावातून दिसेल का?

आकाशातल्या जागा काढून देणाऱ्या जेपीएलच्या ‘होरायझन्स’ पानावर लघुग्रह निवडा, प्रकार ‘ऑब्झर्व्हर टेबल’ ठेवा आणि आधी जागा बदला. सुरुवातीला जागा पृथ्वीचं केंद्र असते. तिथून कुणी आकाश पाहत नाही. पुण्यासाठी १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व टाका. लघुग्रह चंद्राइतक्या अंतरावर असेल तर केंद्रावरून आणि तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या जागेत जवळपास एका अंशाचा फरक पडतो, आणि तेवढ्यात तो दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्राबाहेर जातो.

दृश्यप्रत (आकाशात तो किती उजळ दिसेल; आकडा मोठा तितका मंद) आणि क्षितिजावरची उंची हे दोन रकाने घ्या. वायआर४ सापडला तेव्हा सुमारे १६.५ प्रतीचा होता. आठ इंची दुर्बिणीतून, चांगल्या काळोखातही, डोळ्यांना साधारण १४ च्या पुढचं दिसत नाही.

इथे चुकतं: जुने कक्षाघटक संगणकातल्या आकाशनकाशात टाकून वर्षानुवर्षं तेच वापरणं. जवळच्या भेटीत पृथ्वी कक्षाच बदलते. अ‍ॅपोफिसचा अर्धदीर्घ अक्ष २०२९ च्या भेटीनंतर सुमारे ०.९२ वरून १.१ होईल. त्याची फेरी आज ३२४ दिवसांची आहे, तेव्हा ती वर्षापेक्षा मोठी होईल आणि तो एटन गटातून अपोलोत जाईल. घटकांसोबत दिलेली ‘इपॉक’ तारीख नेहमी पाहा. घटक त्या तारखेच्या आसपासच खरे असतात.

वायआर४ साठी वहीत पुढचं पान आत्ताच राखून ठेवा: डिसेंबर २०२८. तो पुन्हा जवळ येईल आणि नवी निरीक्षणं येतील. त्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्यापासून सगळं पुन्हा करा, आणि निरीक्षणांचा काळ किती लांबला ते आधी लिहा.